घरांतील बारीक काटकसर व तिचा हिशेब

शेतकऱ्यानें काटकसर करावी, हा उपदेश इतका जुना झाला आहे कीं तो ऐकतांना आतां कोणी मान वर करून पाहतही नाहीं. उपदेश करणारा बहुधा पगारदार असतो आणि ऐकणारा नांगरधारी. त्यामुळें त्या उपदेशांत रस उरत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. आम्हीही महसूल खात्यांत कारकुनी करून पेन्शन घेणाऱ्यांपैकींच आहों, तेव्हां वाचकांनीं आमच्याकडे थोड्या संशयानें पाहिलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु प्रस्तुत लेखांत 'काटकसर करा' असें आम्ही सांगणार नाहीं. ती आपल्या घरोघर आजही किती चालली आहे, तिच्यांत शहाणपण किती व वेड किती, आणि तिच्यांतून उरलेला पैसा शेवटीं कोणाच्या हातीं जातो, एवढेंच पाहण्याचा विचार आहे.

पेंच व कन्हान या नद्यांच्या कांठच्या गांवांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना आगकाडी वांचविण्याचे प्रकार सांगावयास नकोत. रात्रीं चूल पुरती विझवावयाची नाहीं. निखारे राखेखालीं झांकून ठेवावयाचे व पहाटे फुंकणीनें तेच जागे करावयाचे. आपला विस्तव विझलाच तर फुटकें कवेलू घेऊन शेजारणीकडे जावयाचें आणि त्यावर दोन निखारे मागून आणावयाचे. त्याबरोबर गांवची बातमीही फुकट येत असे, हा वेगळा लाभ. काडी ओढणें भागच पडलें तर ती उभी चिरून तिच्या दोन करावयाच्या. ही कला कांहीं म्हाताऱ्यांना इतकी साधलेली होती कीं दोन्ही अर्धुकांवर गूल सारखा वांटून येई.

लुगड्याचें आयुष्य तर पुराणांतील अवतारांसारखें होतें. तें जुनें झालें कीं वाकळेंत जाई. वाकळ विरली कीं तिचें पोतेरें होई. आणि पोतेऱ्याच्याही लायकीची न उरलेली चिंधी बैलगाडीच्या कण्याला वंगण लावावयास जाई. तेलाचा डबा संपला म्हणजे तो उन्हांत पालथा घालून खालीं परात ठेवावयाची, व शेवटीं त्यांत कणीक टाकून हात फिरवावयाचा, म्हणजे डबा कोरडा आणि पोळी मऊ. हल्लीं तेल पिशवींत येतें, तर ती पिशवी चिरून तिच्या आंतून कणकेचा गोळा फिरविणाऱ्या सुना आम्हीं पाहिल्या आहेत. सवय तीच राहिली, भांडें तेवढें बदललें. साबणाची उरलेली चकती नव्या वडीच्या पाठीवर चिकटविणें, दांत घांसण्याच्या मलमाची नळी लाटण्यानें लाटणें, तांदळाचें धुवण गायीच्या घमेल्यांत ओतणें, खताच्या पिशवीच्या तोंडाचा दोरा एका हिसक्यानें उसवून त्याची गुंडी करून खुंटीस टांगणें आणि चार पिशव्या उसवून त्यांचें धान्यावर घालावयाचें आंथरूण शिवणें, हें सर्व आजही चालू आहे. यांतील एकही गोष्ट कोणत्याही सरकारी पत्रकानें शिकविलेली नाहीं.

आमच्या खात्याचेंही सांगितलें पाहिजे, नाहींतर काटकसर ही केवळ बायकांची विद्या आहे असा वाचकांचा समज व्हावयाचा. जुन्या दफ्तरांत कागद टाचण्यास टाचणीऐवजीं बाभळीचा कांटा वापरलेला आम्हीं स्वतः पाहिला आहे. पितळी टाचणी गंजून कागदास डाग पाडी, कांटा बिचारा वर्षानुवर्षें जसाचा तसा. आलेलें पाकीट उलटून पुन्हां चिकटविणें, जुन्या पत्त्यावर नवी चिठ्ठी डकवून तेंच पाकीट दुसऱ्या तहसिलीस पाठविणें, पाठकोऱ्या कागदावर मसुदा लिहिणें हें नव्या कारकुनास पहिल्याच आठवड्यांत शिकविलें जाई. 'पाठकोरा' हा शब्दच मुळीं काटकसरीनें जन्मास घातला आहे. आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत १९३६ सालापासून गांधीजी सेवाग्रामास, म्हणजे त्या वेळच्या शेगांवास, राहावयास आले. तेही आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर व उकललेल्या पाकिटांच्या आंतल्या बाजूवर लिहीत असत, हें सर्वश्रुत आहे. फार काय, सरकारनेंही ही विद्या केली आहे. दुसऱ्या महायुद्धांत धातूची टंचाई पडली तेव्हां १९४३ सालीं मध्यें मोठें भोंक असलेला तांब्याचा पैसा निघाला व तो १९४७ पर्यंत पाडला गेला. ज्या काळांत रुपयाचे चौसष्ट पैसे होत, त्या काळांतील हा पैसा. बायका तो दोऱ्यांत ओंवून ठेवीत, त्यामुळें मोजावयासही सोपा आणि सांडावयासही कठीण. साम्राज्यानें नाण्याचें पोट कापून धातु वांचविली, मग आमच्या आजीनें काडी चिरली तर तिला हंसण्याचें कारण काय?

तथापि हिशेब हा हिशेब आहे, व तो मांडल्याशिवाय आम्हांस चैन पडत नाहीं. आगपेटीची किंमत १ डिसेंबर २०२१ पासून एका रुपयाची दोन रुपये झाली व पेटींतील काड्या ३६ च्या ५० करण्यांत आल्या. एखाद्या घरांत दिवसाकांठीं चार काड्या लागत असल्या व प्रत्येक चिरून वापरली, तर दिवसास दोन, म्हणजे वर्षास ७३० काड्या वांचल्या. त्यांच्या साडेचौदा पेट्या होतात. किंमत सुमारें एकोणतीस रुपये. एका गृहिणीच्या वर्षभराच्या सावधपणाचें हें मोल. तिचा यजमान तालुक्याच्या गांवीं बसस्थानकावर उभ्यानें चहा घेतो, तो एक पेला दहा रुपयांचा धरला तर तिच्या वर्षाच्या काटकसरीचे तीन पेलेही होत नाहींत. हें आम्ही चहाची निंदा करण्यासाठीं लिहीत नाहीं. चहा आम्हांसही लागतो. पण काडीवर लक्ष आणि चहावर दुर्लक्ष, असें एकाच घरांत दोन मापांनीं चाललेलें असतें, हें नजरेस आणणें जरूर आहे.

याच्या उलट ज्या सवयींत खरोखर पैसा आहे, त्यांची कथा कोणी सांगत नाहीं, कारण त्यांत विक्षिप्तपणा नसल्यानें गोष्ट रंगत नाहीं. साठ वॅटचे दोन जुने काचेचे दिवे रोज पांच तास जळत असले व त्यांच्या जागीं नऊ वॅटचे एलईडी दिवे लावले, तर दिवसास अर्ध्या युनिटाहून किंचित् अधिक वीज वांचते. वर्षाचे १८६ युनिट होतात. आपल्या बिलावर दर काय पडला आहे तो पाहून ज्यानें त्यानें गुणाकार करावा. डाळ रात्रीं भिजत घालणें, भांड्यावर झांकण ठेवणें, उकळी फुटल्यावर ज्योत बारीक करणें, यांनीं गॅसची टाकी चार दिवस पुढें जाते. मे २०१६ मध्यें उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यांतील पुष्कळ घरांत टाकी आली. परंतु ती पुन्हां भरून आणावयाची म्हणजे रोख रक्कम एकदम मोजावी लागते. म्हणून टाकी पाहुण्यांसाठीं आणि रोजचा स्वयंपाक पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांवर, अशी वांटणी पुष्कळ ठिकाणीं होऊन बसली आहे. या काटकसरीची किंमत डोळ्यांनीं व छातीनें भरावी लागते, आणि ती यजमानास भरावी लागत नाहीं.

येथें वर्ध्याच्या मगनवाडीची आठवण येते. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व कुमारप्पांनीं मगनवाडींत त्याचें काम चालविलें. तेथें 'मगनदीप' नांवाचा एक कंदील तयार करण्यांत आला होता. तो रॉकेलाऐवजीं गांवांतच निघणाऱ्या वनस्पतितेलावर जळे. रॉकेलावर जाणारा पैसा गांवाबाहेर जातो, तेलघाण्यावर जाणारा गांवांत फिरतो, असा त्यामागील हिशेब. किती पैसा वांचला एवढेंच न पाहतां जो खर्च झाला तो कोठें गेला, हेंही पाहणारी ती दृष्टि होती. दिवा आतां कालबाह्य झाला, पण ही दृष्टि कालबाह्य झाली असें आम्हांस वाटत नाहीं. घरीं जवस व तीळ असतां त्यांची चटणी सोडून बाजारचीं चटकदार पाकिटें मुलांच्या हातांत देणें, आणि त्याच घरांत साबणाची चकती नव्या वडीस चिकटविणें, हा प्रकार मगनवाडींत चालला नसता.

कांहीं काटकसरी मात्र अशा आहेत कीं त्यांचें नुसतें हंसें करून चालणार नाहीं. त्या बंदच झाल्या पाहिजेत. कीटकनाशकाचा रिकामा डबा चांगला घट्ट झांकणाचा असतो, म्हणून तो राखेनें घांसून त्यांत रॉकेल, बियाणें, क्वचित् पिण्याचें पाणीसुद्धां ठेवलेलें आम्हीं पाहिलें आहे. असा डबा धुऊन शुद्ध होत नाहीं. तो तीन वेळां खळाळून, त्याला भोंकें पाडून, विहिरीपासून व नाल्यापासून दूर पुरावयाचा असतो. फवारणीच्या वेळीं तोंडास फडकें व हातांत हातमोजे नको, उगीच खर्च, असें म्हणणारे थोडे नाहींत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें किती शेतकरी व मजूर दगावले, हें विदर्भांत कोणास सांगावयास नको. तीच गोष्ट औषधाची. डॉक्टरनें पांच दिवसांच्या गोळ्या दिल्या असतां ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशीं थांबावयाचें व उरलेल्या दोन दिवसांच्या पुढच्या आजाऱ्यासाठीं डब्यांत ठेवावयाच्या, ही काटकसर नव्हे, उधारी आहे.

आणि आतां ज्या काटकसरीविषयीं बोलणें आम्हांस सर्वांत अवघड वाटतें ती. घरांत सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेलें खावयाचें, न उरलें तर भाकरी व मिरचीवर भागवावयाचें, दूध विकावयाचें व उरलें तर मुलाला द्यावयाचें, आणि आपला दवाखाना पुढच्या पिकावर ढकलावयाचा, अशी जी बाई करते तिला आपण 'मोठी काटकसरी, घर राखणारी' म्हणून नांवाजतों. हे शब्द लिहितांना पुष्कळ घरांतील चेहरे आमच्या डोळ्यांपुढें येतात. ताटांतून वांचविलेला पैसा कोणत्याही वहींत जमा दिसत नाहीं. तो पुढें रक्तक्षयाच्या रूपानें खर्चीं पडतो, व त्या वेळीं तो कित्येक पटींनीं पडतो. आमच्या मतें घरांतील पहिली काटकसर कर्त्या पुरुषाच्या खिशापासून सुरू व्हावी, आणि घरच्या बाईच्या ताटापर्यंत ती कधींही पोहोंचूं नये.

या बायकांच्या शिल्लकीचा एक मोठा उलगडा ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं झाला. पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि जुन्या नोटा बँकेंत भरण्यास ३० डिसेंबरपर्यंतची मुदत मिळाली. जिल्हा सहकारी बँकांना तर १४ नोव्हेंबरपासून या नोटा घेण्याची मनाई झाली, त्यामुळें आपल्या खेड्यांतील माणसास जवळचा दरवाजा बंद झाला व दूरच्या बँकेपुढें दिवस दिवस उभें राहावें लागलें. त्या दिवसांत डाळीच्या डब्यांतून, मिरचीच्या मडक्यांतून, वाकळेच्या शिवणींतून नोटा बाहेर आल्या. हळदीचे डाग पडलेल्या, घडीवर घडी घालून मऊ झालेल्या त्या नोटा घेऊन आलेल्या एका वृद्ध बाईंस त्यांच्या यजमानांनीं सर्वांदेखत विचारलें, "काहून वं, एवढे दिवस माह्यापासून लपवून ठेवलं होतं?" बाईंनीं मान खालीं घालूनच उत्तर दिलें, "लपवलं म्हणून तं रायलं जी." रांगेंतील लोक हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. अर्थशास्त्राच्या एखाद्या जाड ग्रंथांतही घरगुती बचतीची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच असेल. त्या रकमेचें पुढें काय झालें याचा शोध आम्हीं केला नाहीं. पण अशा पुष्कळ घरांत बाहेर आलेला पैसा यजमानांच्या खात्यांत जमा झाला व पुन्हां त्या डब्यांत गेला नाहीं, एवढें मात्र सांगतां येईल.

वाचक विचारतील कीं इतक्या बारीक बारीक पैशांनीं शेतकऱ्याचें होणार तरी काय? लग्नांत मांडव व वाजंत्री यांवर लाख रुपये उडावयाचे, सोयाबीन घरीं आल्या आल्या पडत्या भावानें विकावयाचें, आणि इकडे काड्या चिरावयाच्या! हा आक्षेप खरा आहे. बारीक काटकसरीनें कर्जबाजारी शेतकरी कर्जमुक्त होतो असें कोणी म्हणेल, तर त्यानें शेती पाहिलेली नाहीं. पीक बुडाल्यावर, भाव पडल्यावर किंवा वीज पडून बैल गेल्यावर डब्यांतील हजार दोन हजार रुपये काय करणार? परंतु महसूल खात्यांत राहून आम्हीं एक गोष्ट वारंवार पाहिली. मोठें कर्ज बहुधा मोठ्या कारणानें सुरू होत नाहीं. तें मृगाच्या तोंडावर सुरू होतें. बँकेचें पीककर्ज मंजूर असतें, पण कागद फिरत असतात; पाऊस थांबत नाहीं; पोराच्या शाळेची वही-पुस्तकें त्याच आठवड्यांत; आणि घरांत रोख नाहीं. मग दहा हजार रुपये गांवांतल्या गांवांत शेंकडा तीन रुपये महिन्यानें घेतले जातात. दिवाळीपर्यंत पांच महिन्यांचें व्याज दीड हजार. आगकाडीच्या भाषेंत बोलावयाचें तर ही पन्नासाहून अधिक वर्षांची बचत पांच महिन्यांत गेली. २०१४ सालचा सावकारी नियमनाचा कायदा आहे, पण नड असलेला माणूस कायद्याचें पुस्तक उघडून मग पैसे मागावयास जात नाहीं.

आतां उलट पाहूं. २०२५ सालच्या हंगामांत बीजी-२ कपाशीच्या पाकिटाची सरकारनें ठरविलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. दोन पाकिटांचे १८०२ झाले. दिवाळीपासून मृगापर्यंतच्या सात महिन्यांत रोज दहा रुपये बाजूस पडले तर २१०० होतात. म्हणजे एक चहा व एक मोह आंवरला कीं दोन पाकिटें उधारीशिवाय घरीं येतात, आणि उधारीचें पाकीट नसल्यामुळें दुकानदार सांगेल तेंच वाण घेण्याची सक्तीही राहत नाहीं. शिवाय जो पीककर्ज वेळेवर फेडतो, त्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखालीं तीन लाखांपर्यंतचें कर्ज व्याजाशिवाय पडतें. ज्यानें व्याज नसलेलें कर्ज वेळेवर फेडण्याइतकी रोकड हाताशीं ठेवली, त्यानें खरी काटकसर केली; बाकीची काडीची.

पण यासाठीं एक अट आहे, व ती पाळली जात नाहीं म्हणून आमची सारी बारीक काटकसर मातीस मिळते. वांचलेला पैसा वेगळा पडला पाहिजे. काडी चिरणाऱ्या बाईनें काडी वांचविली, पण तिचा पैसा कोठें वेगळा ठेवलाच नाहीं. तो घरखर्चांतच विरघळला, जसें मीठ भाजींत. आपल्या आज्यांना हें कळत होतें. भात शिजत घालतांना तांदळाची एक मूठ परत मडक्यांत टाकण्याची चाल पुष्कळ घरांत होती. भूदानाच्या काळांत विनोबांनीं सर्वोदय पात्राची कल्पना काढली, तीही मुठीचीच. त्यांत लहान मुलाच्या हातानें रोज मूठभर धान्य टाकावयाचें असे. मोठ्या माणसाच्या मुठींत पन्नास ग्रॅम धरले व दोन वेळां एकेक मूठ बाजूस पडली, तर वर्षास छत्तीस किलो धान्य होतें. येथें काटकसर व सांठवण या दोन वेगळ्या क्रिया राहत नाहींत. मूठ उघडली कीं दोन्ही झाल्या. बचत गटांचें यशही याच तत्त्वावर आहे. १९९२ सालीं नाबार्डनें गटांना बँकांशीं जोडण्यास आरंभ केला, तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. परंतु ठरल्या दिवशीं ठरली रक्कम घराबाहेर पडते व परत मागतांना दहा जणींना कारण सांगावें लागतें, हीच त्या गटांची तिजोरी.

मडक्यांतील रोकडीचे दिवस आतां गेले, असें २०१६ नें शिकविलें आहे. नोट बदलते, नाणें बंद होतें; पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणीं ३० जून २०११ पासून चलनांतून गेलीं, तीं अजूनही कांहीं घरांच्या फडताळांत डब्या भरून पडलीं आहेत. म्हणून आमची सूचना अशी आहे कीं येत्या दिवाळीस, कापूस व सोयाबीन यांचा पहिला पैसा हातीं येईल तेव्हां, प्रत्येक घरांतून गृहिणीच्या स्वतःच्या नांवानें पोस्टांत आवर्ती ठेवीचें खातें उघडावें. महिन्यास शंभर रुपयांपासून तें उघडतां येतें व पांच वर्षें चालतें. यजमानांच्या नांवानें नको, जोडनांवानेंही नको. पैसा तिच्या काड्यांचा, तिच्या तेलाच्या डब्याचा, तिच्या मुठीचा आहे, तेव्हां सही तिचीच असावी. ज्या बाईस सही येत नाहीं तिनें अंगठ्यावर खातें उघडावें, व तिच्या शाळेंत जाणाऱ्या नातवानें मृगापर्यंत तिला सही शिकवावी. त्यासाठीं नवी वही आणण्याचें कारण नाहीं, गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरीं पानें शिवलीं म्हणजे पुरतात. यजमानांनीं एक करावें. शंभर रुपये भरावयाच्या दिवशीं बायकोस गाडीवर मागें बसवून पोस्टापर्यंत न्यावें, आणि ती आंत असतां बाहेर थांबावें. जातांना आधारपत्र, पॅनपत्र व दोन छायाचित्रें बरोबर असावींत.